गार पडलेलं कोकरू: आधी ऊब की आधी दूध?

पहाटे वाड्यात कोकरू लुळं पडलेलं दिसलं, घाईत बाटलीने गरम दूध पाजलं, नाकातून फेस आला आणि ते गेलं. जुळ्यातलं दुसरंही मलूल आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही, कारण हीच चूक माझ्याही हातून झाली आहे. तुम्ही ज्या दवाखान्यात फोन केला तिथून "गरम दूध पाजा, सकाळी बघू" एवढंच उत्तर मिळालं. वय किती, अंग किती गार, मान धरतंय का, एकही प्रश्न नाही. असो.

नाळेला आयोडीन, कोरडा पेंढा हे तुम्ही करत असालच, त्यात शिरत नाही.

गारठलेल्या कोकराला नीट गिळता येत नाही, दूध सरळ फुप्फुसात उतरतं. म्हणून बाटलीआधी थर्मामीटर, तोही गुदद्वारात. 39 ते 40 अंश सेल्सिअस ठीक. 37 ते 39 असेल तर पुसून कोरडं करा, चीक (विल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजा, आडोशाला ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

37 च्या खाली गेलं की वय बघायचं. जन्मून पाच तास झाले नसतील तर अंगात थोडी चरबी शिल्लक असते. आधी ऊब द्या, 37 ओलांडल्यावर चीक. पाच तास उलटून गेले असतील तर ते इंधन संपलेलं असतं, आणि इथे शहाणी माणसंही फसतात. नुसती ऊब दिली की रक्तातली उरलीसुरली साखर संपते, झटके येतात आणि कोकरू शेकतानाच जातं. मान धरत असेल तर आधी तोंडातून पोटात घातलेल्या नळीने चीक, मग ऊब. मान टाकली असेल तर तोंडावाटे काहीच नको. आधी पोटाच्या पोकळीत कोमट 20 टक्के ग्लुकोज, किलोला 10 मिली, आणि त्यानंतर ऊब. हे इंजेक्शन वाचून शिकण्यातलं नाही, विण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत पशुवैद्याकडून हाताने शिकून घ्या.

नळी नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून खूण करा. तोंडाच्या कडेने, जिभेवरून हळू सरकवा. जोर लावायचा नाही, ठसका लागला तर लगेच बाहेर. एका वेळी किलोला 50 मिली, म्हणजे चार किलोच्या कोकराला 200, आणि पहिल्या चोवीस तासांत असं चार वेळा. पहिला चीक दोन तासांत पोटात गेलेला बरा. सहा तासांनंतर आतडं त्यातली प्रतिकारद्रव्यं झपाट्याने कमी शोषतं. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, उकळला की वाया.

शेकायला हेअर ड्रायर चालतो. गरम पाण्यात बुडवणं मला पटत नाही: आईला ओळखू येणारा वास धुतला जातो, मग ती जवळ घेत नाही. दिवा टांगलात तर साखळीने टांगा, सुतळीने नको. खाली पेंढा असतो.

 

मी डॉक्टर नाही, तुमचं कोकरू मी पाहिलेलं नाही. पण त्या दुसऱ्याच्या तोंडात आत्ता बोट घाला. गार लागलं तर थर्मामीटर घ्या. आणि मेंढीचे दोन्ही सड पिळून बघा. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच बसलेला असला तर पिल्लू चोखत राहतं, पोटात मात्र थेंब जात नाही.