तहसीलदाराला वकिलीची सनद हवी का?

तुमचा प्रश्न असा, की तालुक्यातला तहसीलदार इंजिनियर, मग तो लोकांना जेलात कसा धाडतो? मॅजिस्ट्रेट सनदी वकीलच नको का? मी यवतमाळ जिल्ह्यात तहसीलसमोर बावीस वर्षं अर्ज लिहितोय, म्हणून सांगतो.

मॅजिस्ट्रेट दोन तऱ्हेचे. चोरी-मारामारीचा खटला चालवतो तो न्यायदंडाधिकारी. त्याला कायद्याची पदवी लागतेच, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या भरतीला तीन वर्षांची वकिलीही पुन्हा सक्तीची केली. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी. त्याला कुठलीही पदवी चालते.

धुऱ्यावरच्या वाटेचं भांडण असेल, तर तिथं तहसीलदार वकील नसला तरी मला चालतं. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तो वाद तहसीलदारच मिटवतो. आमच्याकडे एक शेतकी पदवीवाले साहेब होते. पऱ्हाटी उभी असताना मोक्यावर जाऊन वाट दिसत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पेरणीआधीच पटवाऱ्याला घेऊन बांधावर उभे राहिले. निकाल पटला नाही, तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतोच.

चॅप्टर केसचं, म्हणजे भांडण होऊ नये म्हणून आधीच शांततेची लेखी हमी (मुचलका) घ्यायच्या कारवाईचं, मात्र वेगळं. पोळ्याच्या तोंडावर गावातल्या दोन्ही पार्ट्यांवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६) कारवाई झाली. दोन्हीकडच्या अर्ध्या लोकांचं भांडणच नव्हतं, पण यादीत नाव होतं. साहेबांनी पहिल्याच पेशीला जामीनदारासह मुचलका मागितला. एका पोराला जामीनदार मिळाला नाही, तो आठ दिवस आत राहिला. चौकशी चालू असताना असा मुचलका मागायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं. इथं छापील फॉर्म होता, नाव तेवढं पेनानं भरलेलं आणि कारणाची ओळ कोरी. सत्र न्यायालयात वकिलानं तेवढाच कागद दाखवला आणि आदेश उडाला. साहेब वाईट नव्हते हो, बाबूनं पुढं केलं तिथं सही केली.

म्हणून माझं मत: ज्याच्या सहीनं माणूस आत जातो, त्यानं वकिली केलेली असावी. नाहीतर चॅप्टर केसेस सरळ न्यायदंडाधिकाऱ्याकडे द्याव्या.

तुमच्या भावाला नोटीस आली म्हणता, तर पहिल्या पेशीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १३० च्या आदेशाची नक्कल मागा. आरोप काय, मुचलक्याची रक्कम किती, मुदत किती, जामीनदार किती, हे सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे. आणि जामीनदाराचा सातबारा सोबतच न्या, ऐनवेळी पटवारी भेटत नसतो.