जुन्या संगणकावर हलका, फुकट फाइल मॅनेजर कोणता?

देवगडच्या आंबा वखारीतल्या 2 जीबी रॅमच्या विंडोज संगणकावर पेट्यांचे फोटो पेनड्राइव्हवर टाकताना सगळं अडकतं, असं तुम्ही विचारलंय. डबल कमांडर वापरून बघा. त्याची पोर्टेबल झिप, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती घ्या, डी ड्राइव्हवर फोल्डर करून त्यात पूर्ण उघडा (एक्स्ट्रॅक्ट करा). झिपच्या आतूनच चालवलंत तर सोबतच्या फाइली सापडत नाहीत आणि तो रडतो.

पडद्यावर दोन खिडक्या दिसतील. डावीकडे फोटो, उजवीकडे पेनड्राइव्ह. टॅबने बाजू बदलते, एफ5 ने कॉपी. चूक होते ती इथेच: ज्या बाजूला कर्सर, तिथून माल निघतो. म्हणून ओके करण्याआधी चौकटीतला पत्ता वाचाच.

एफ6 ने फाइली हलवता येतात, पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा तो नकोच. आधी एफ5, मग मेनूतल्या 'सिंक्रोनाइझ डिरेक्टरीज'मध्ये दोन्ही बाजू ताडून बघा, नंतरच मूळ फाइली काढा. साध्या एफ8 ने त्या रिसायकल बिनमध्ये जातात; शिफ्ट धरून दाबलंत तर कायमच्या गेल्या.

शेकडो फोटोंना क्रमांकासह नावं द्यायला कंट्रोल-एम. नवं नाव आधी शेजारीच दिसतं.

मात्र पेनड्राइव्हच मंद असेल तर कॉपीचा वेग यानेही वाढणार नाही.