पेसमेकर असलेल्या आईला इंडक्शन शेगडीजवळ गरगरतं, काय करावं?

गरगरलं की आईंना लगेच शेगडीपासून लांब नेऊन बसवा. लांब गेल्यावर पेसमेकर सहसा पूर्ववत चालतो. शेगडी आणि छातीतलं यंत्र यांत ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट अंतर हवं. वाकून फोडणी परतताना ते राहत नाही. माझ्या मते त्यांच्यासाठी गॅसच बरा. मिक्सर, फ्रिज, टीव्हीची धास्ती नको. मोबाइल मात्र ब्लाउजमध्ये ठेवू देऊ नका, १५ सेंटीमीटर तरी लांब हवा.

पण सगळा दोष शेगडीला देऊन थांबू नका. बीपी, साखर, उतरलेली बॅटरी, सरकलेली तार, काहीही असू शकतं. गरगरल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लवकरात लवकर पेसमेकर तपासून घ्या. बहुतेक यंत्रांत ठोक्यांच्या गडबडीची नोंद राहते, ती ताडून बघता येते. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब १०८ ला फोन करा.