अमेरिकेत मेडिकल स्कूलसाठी अर्ज दमदार कसा करायचा? जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) ४ पैकी ३.६ आहे, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची बाकी आहे.

३.६ म्हणजे काही बुडालेलं नाही. एमडीला (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२ च्या आसपास असतो. सराव परीक्षांत तिथवर पोचल्याशिवाय खऱ्या परीक्षेला बसू नका. ‘एकदा देऊन तर बघू’ नकोच. आधीचे गुणही कॉलेजांना दिसतात.

खरी गोम अनुभवांत आहे. एएमकॅसच्या (अनेक मेडिकल स्कूलना एकत्र अर्ज करायची ऑनलाइन सेवा) अर्जात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात, पण पंधराच्या पंधरा रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. दहा ठिकाणी दहा-दहा तास काढण्यापेक्षा एकाच हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) वर्षभर दर शनिवारी जा. फरक लिहायला बसल्यावर कळतो. ‘रुग्णांची सेवा केली’ हे कोणीही लिहील. ‘आजोबांना पाणी स्ट्रॉने नको, चमच्यानेच हवं असायचं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं’ हे तिथे बसलेलाच लिहू शकतो. डॉक्टरांसोबत शॅडोइंगही हवं, पण ते नुसतं बघणं झालं. संशोधन एमडी-पीएचडीसाठी (डॉक्टरकी आणि संशोधन अशी जोडपदवी) अत्यावश्यक, एरवी जमलं तर उत्तम.

आणि अर्ज जूनच्या सुरुवातीलाच पाठवा. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसतशी मुलाखतीची बोलावणी जातात, त्यामुळे ऑक्टोबरात पोचलेला चांगला अर्जही मागे पडतो. शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना मार्चमध्येच गाठा, आणि एप्रिलमध्ये पुन्हा आठवण करा. विसरतात हो ते!