प्लॅटफॉर्मखालचे मासे : वाढतात की नुसते जमतात?

प्रश्न : समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती मासे भरपूर असतात म्हणे. ते तिथेच वाढतात की आजूबाजूचे गोळा होतात? तेल संपल्यावर प्लॅटफॉर्म तसाच ठेवला तर? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दोन्ही होतं. यावर सर्वांत बारकाईने काम झालं ते दक्षिण कॅलिफोर्नियासमोरच्या समुद्रात. तिथला तळ बराचसा चिखल-वाळूचा, त्यामुळे खडकाला चिकटून जगणाऱ्या जिवांना थारा कमी. प्लॅटफॉर्मचा पोलादी सांगाडा मात्र तळापासून पार वरपर्यंत उभा असतो. वरच्या भागात शिणाण्यांचे (चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचे) जाड थर, खाली समुद्रफुलं आणि स्पंज. प्रवाहाबरोबर वाहत आलेली रॉकफिश या खडकाळ जागी राहणाऱ्या माशांची पिल्लं मधल्या उंचीवर आडव्या नळ्यांच्या आडोशाला थांबतात आणि मोठी झाली की पायथ्याकडे उतरतात. लाटांनी सुटलेले शिणाणे खाली पडून शिंपल्यांचा ढीग साचतो, त्यात खेकडे आणि समुद्रतारे राहतात. म्हणजे पिल्लं तिथेच वाढतात, हे नक्की.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तळाच्या दर चौरस मीटरमागे इथली माशांची वाढ तेवढ्याच खोलीवरच्या नैसर्गिक खडकापेक्षा सुमारे 27 पट निघाली. हा आकडा जपून वाचावा. उंच सांगाड्यावरची सगळी वाढ इथे पायाखालच्या छोट्या जागेवर मोजली आहे. अख्ख्या समुद्रातले मासे 27 पट झाले, असा त्याचा अर्थ नाही.

तसाच ठेवणं मात्र योग्य नाही. आधी विहिरी सिमेंटने बुजवायच्या, पाइपलाइन धुऊन रिकाम्या करायच्या, वरचा डेक उचलून न्यायचा. मग जहाजांना अडथळा नको म्हणून सांगाडा पाण्याखाली सुमारे 26 मीटरवर कापायचा. 2015 च्या अंदाजानुसार अशा कापणीनंतर माशांचं सरासरी 80 टक्के वजन टिकतं. जातात ते वरचे शिणाणे, आणि त्यांच्याबरोबर पायथ्याच्या ढिगाला मिळणारी शिंपल्यांची भर. स्फोटकांनी कापू नये. धक्क्याने माशांच्या हवेच्या पिशव्या फुटतात. त्यापेक्षा करवत किंवा वाळूमिश्रित पाण्याचा झोत बरा. ढिगालाही आधी तपासल्याशिवाय हात लावू नये, कारण शिंपल्यांखाली ड्रिलिंगचा जुना गाळ आणि त्यातली रसायनं दबलेली असतात. 1996 मध्ये कॅलिफोर्नियासमोरचे चार प्लॅटफॉर्म काढले, पण ढीग तळावरच राहिले.

आपल्या मुंबई हायला पाणी सुमारे 75 मीटर. तिथे प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरपर्यंत मासेमारी नौकांना मज्जाव आहे. जाळं पडत नाही, हेही मासे टिकण्याचं मोठं कारण. उद्या एखादा सांगाडा पाण्याखाली ठेवायचा ठरला, तर ही बंदी आपोआप राहणार नाही. त्याची जागा नकाशावर आणि मच्छीमारांच्या जीपीएसवर आधी नोंदवायला हवी, आणि ट्रॉलरला तिथे मनाईच हवी. नाहीतर जाळी पोलादात अडकून फाटतील, आणि सांगाड्याला गुंतून राहिलेली जाळी पुढे कितीतरी दिवस मासे मारत राहतील.