एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी ‘आंतरजातीय विवाह मान्य आहे का?’ एवढाच प्रश्न पुरेल का?

नाही पुरणार, कारण ‘आमची काही हरकत नाही’ म्हणून लोक मोकळे होतात. २०११-१२ च्या आयएचडीएस या देशव्यापी सर्वेक्षणात अशी लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली होती. म्हणून पायरीपायरीने विचारा: शेजाऱ्यांच्या घरात? भावकीत? तुमच्या स्वतःच्या मुलीचं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी माणूस किती थांबला, तेही वहीत टिपा. राज्याच्या ५०,००० रुपयांच्या प्रोत्साहन योजनेबद्दलचं मत मात्र वेगळं नोंदवा. मराठा-ब्राह्मण जोडपं त्यात बसत नाही. दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातलं लागतं. एवढं करूनही, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सुनेने दिलेलं उत्तर तिचंच असेल असं धरू नका.