कायदा मंजूर झाला, पण लागू कधी झाला? : ब्रिटनमधील नव्या कायद्यांविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

यावेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच गोंधळातून लिहिलेली दिसतात. वाचकांनी बातमी नीट वाचलेली असते आणि ती खरीही असते. परंतु तिच्यातला कायदा किंवा निकाल आपण राहतो त्या भागाला, आपल्या प्रकरणाला आणि आजच्या तारखेला लागू होतो का, हे त्या बातमीत नसते. ते कुठे आणि कसे शोधावे, हे खालील उत्तरांतून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. आपली कागदपत्रे पाहून दिलेल्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी हॅरो येथे भाड्याच्या घरात राहते. कारण न देता घर खाली करायला लावण्याची पद्धत बंद करणारा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला, असे वाचले होते. तरीही डिसेंबरमध्ये घरमालकाने मला कलम २१ ची, म्हणजे कारण न देता घर खाली करायला सांगणारी नोटीस दिली. ही नोटीस बेकायदा नाही का?

उत्तर : केवळ तारखेमुळे ती बेकायदा ठरत नाही. विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांतून पार पडून त्याला राजाची संमती मिळाली की त्याचा कायदा होतो. मात्र त्या दिवसापासून तो पाळावाच लागतो, असे नाही. लागू होण्याबद्दल कायद्यात काहीच लिहिले नसेल, तर १९७८ च्या इंटरप्रिटेशन अ‍ॅक्टनुसार तो संमतीच्या दिवसापासून अमलात येतो. पण बहुतेक मोठ्या कायद्यांच्या शेवटी एक कलम असते आणि कोणता भाग केव्हा लागू होईल, हे त्यात सांगितलेले असते किंवा ते ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांकडे सोपवलेला असतो. आपण म्हणता त्या कायद्याला, म्हणजे रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टला, संमती मिळाली २७ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि इंग्लंडमधील खासगी भाडेकरारांविषयीच्या त्याच्या मुख्य तरतुदींसाठी ठरलेली तारीख होती १ मे २०२६. त्या तारखेच्या आधी रीतसर दिलेली कलम २१ ची नोटीस वैध राहते. मात्र तिच्या आधारे घरमालकाला ३१ जुलै २०२६ पर्यंत, आणि काही प्रकरणांत त्याआधीच, न्यायालयात जावे लागते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. मुदत संपली म्हणून कुलूप बदलण्याचा अधिकार घरमालकाला मिळत नाही. आपली अनामत रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तिची मान्यताप्राप्त योजनेत नोंद झाली होती का आणि गॅसच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आपल्याला दिले होते का, हे आधी तपासावे; अशा त्रुटींमुळे कलम २१ ची नोटीस न्यायालयात टिकत नाही. नोटीस हाती पडताच घाबरून सामान बांधलेली आणि मग माझ्याकडे आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांनी दोन आठवडे आधी विचारले असते, तर मुलांच्या शाळा बदलाव्या लागल्या नसत्या, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

कायदा होणे आणि लागू होणे यांतील अंतर किती असू शकते, याची दोन उदाहरणे देतो. परस्परांवर दोषारोप न करता घटस्फोट घेण्याची सोय करणारा कायदा जून २०२० मध्ये झाला आणि तो लागू झाला ६ एप्रिल २०२२ रोजी. १९२८ मध्ये संसदेने ईस्टरचा सण एप्रिलमधील दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी ठरवून टाकणारा कायदा केला; तो आजही कायद्यांच्या यादीत आहे, पण अजून एकदाही अमलात आणला गेलेला नाही.

तपासण्याची जागा म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज चालवत असलेले लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके हे विनामूल्य संकेतस्थळ. तेथे कायद्याचा मूळ मजकूर आणि पुढच्या दुरुस्त्यांसह सुधारलेला मजकूर, असे दोन्ही मिळतात. काही दुरुस्त्या मजकुरात घालायच्या राहिल्या असतील, तर पानाच्या वरच्या बाजूला तशी सूचना असते. ती सूचना वाचल्याशिवाय खालच्या कलमावर विसंबू नये.

प्रश्न : मी लेस्टर येथे एम.एस्सी. करतो आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेनंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्याचा परवाना) आता दीड वर्षाचाच’ असे संदेश सतत येत आहेत. नेमके काय धरून चालावे?

उत्तर : श्वेतपत्रिका म्हणजे सरकारने जाहीर केलेला इरादा. १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेमुळे कोणाचाही व्हिसा एका दिवसानेही कमी झाला नाही. स्थलांतराचे नियम बदलण्याची रीत निराळी आहे. १९७१ च्या इमिग्रेशन अ‍ॅक्टखाली गृहमंत्री नियमांतील बदलांचे निवेदन संसदेपुढे ठेवतात आणि प्रत्येक बदल कोणत्या तारखेपासून व कोणाला लागू होईल, हे त्या निवेदनात सांगितलेले असते. आपल्या प्रश्नाशी संबंधित निवेदन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मांडले गेले. त्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांवर ग्रॅज्युएट व्हिसा १८ महिन्यांचा मिळेल, त्याआधीच्या अर्जांवर दोन वर्षांचा, पीएच.डी. झालेल्यांची तीन वर्षे कायम आहेत. म्हणजे आपण अर्ज केव्हा करता, यावर सारे अवलंबून आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही, म्हणून निकालाची तारीख विद्यापीठाकडून आताच विचारून घ्यावी.

हे बदल किती झपाट्याने येतात, तेही सांगायला हवे. स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची सर्वसाधारण किमान पगाराची अट ३८,७०० पौंडांवरून ४१,७०० पौंडांवर नेणारे निवेदन १ जुलै २०२५ रोजी मांडले गेले आणि २२ जुलैला ते लागूही झाले. तीन आठवड्यांच्या त्या मुदतीत ज्यांनी मूळ निवेदन वाचले, त्यांना निदान निर्णय घेता आला.

नियम बदलले म्हणजे सगळे संपले, असेही नव्हे. आधी दिलेला शब्द सरकारला नेहमीच मोडता येतो असे नाही, हे ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम’ या उच्चशिक्षित स्थलांतरितांसाठीच्या योजनेतून आलेल्यांच्या लढ्यात एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने दाखवून दिले, योजनेत आधीच दाखल झालेल्यांवर नंतरच्या कडक अटी लादणे न्यायालयाने अवैध ठरवले. त्या लढ्यात भारतीय मोठ्या संख्येने होते. पुढे जुलै २०१२ मध्ये, व्हिसाच्या बंधनकारक अटी संसदेपुढे मांडलेल्या नियमांतच असल्या पाहिजेत, त्या अन्य कागदपत्रांतून परस्पर लादता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सल्ला घ्याल तो सॉलिसिटरकडून, बॅरिस्टरकडून किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराकडून घ्यावा. आपल्याच गावचा, ओळखीचा माणूस आहे म्हणून नोंदणी न विचारता पैसे देणाऱ्यांचे फार नुकसान होते.

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने गाडीच्या कर्जातील छुप्या दलालीबद्दल ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये बातमी आली की कंपन्या जिंकल्या. मिल्टन कीन्समधील आमच्या शेजाऱ्यांना तरीही भरपाईची पत्रे येत आहेत. यातले खरे काय?

उत्तर : तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिला निकाल कोर्ट ऑफ अपीलचा होता आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. १ ऑगस्ट २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मोठा भाग फिरवला. गाडी विकणारा व्यापारी कर्ज मिळवून देताना ग्राहकाच्या हिताचा विश्वस्त नसतो, तो स्वतःचा नफा पाहत असतो आणि हे ग्राहकालाही उघड दिसत असते, असे न्यायालयाने म्हटले. पण तीनपैकी एका ग्राहकाचा दावा निराळ्या आधारावर टिकला. कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम १४०अ नुसार कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातील संबंध अन्यायकारक आहेत का, हे न्यायालय तपासू शकते. त्या ग्राहकाच्या कर्जावर व्यापाऱ्याला मिळालेली दलाली कर्जाच्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के होती. शिवाय, ग्राहकांची कर्जप्रकरणे आधी एकाच कर्जकंपनीपुढे ठेवण्याचे व्यापाऱ्याने तिच्याशी ठरवले होते आणि ही गोष्ट ग्राहकापासून लपवली गेली होती. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय क्षेत्राच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरपाई योजनेचा मसुदा पुढे आणला, तो या पार्श्वभूमीवर.

यातून वाचनाची एक शिस्त घ्यावी. ‘न्यायालयाने सांगितले’ असे वाचले की कोणत्या न्यायालयाने, हे आधी पाहावे. निकालाच्या क्रमांकातच ते कळते : [२०२५] यूकेएससी ३३ म्हणजे त्या वर्षीचा सर्वोच्च न्यायालयाचा तेहेतिसावा निकाल. मग अपिलाची मुदत किंवा परवानगी बाकी आहे का, ते शोधावे. शेवटी, पक्षकार हरला की त्याचा एक मुद्दा हरला, हे पाहावे. सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निकालासोबत दोन-चार पानांचा सारांश देते आणि तो साध्या इंग्रजीत असतो. शंभर पानांचे निकालपत्र वाचणे जमले नाही, तरी हा सारांश सर्वांनाच वाचता येतो. शेजाऱ्यांना सांगावे की कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आणि नंतर फायनान्शियल ऑम्बुड्समन या तक्रार निवारण यंत्रणेकडे तक्रार विनाशुल्क करता येते. मिळणाऱ्या रकमेतील वाटा घेऊन दावे चालवणाऱ्या कंपनीची त्यासाठी गरज नाही.

प्रश्न : लग्नाचे किमान वय १८ झाले आहे ना? एडिनबरोतील एका परिचितांचे म्हणणे वेगळे आहे.

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे बरोबर आहे. २०२२ चा तो कायदा २७ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला, पण इंग्लंड आणि वेल्सपुरता. स्कॉटलंडमध्ये किमान वय १६ आहे. ‘ब्रिटनचा कायदा’ हा शब्दप्रयोगच पुष्कळदा चुकीचा असतो. कायद्याची व्याप्ती सांगणारे कलम बहुधा अगदी शेवटी असते. वाचायला तिथूनच सुरुवात करावी.

प्रश्न : भारतात सर्वोच्च न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकते. ब्रिटनमध्ये तसे होत नाही, असे म्हणतात. मग तिथल्या निकालांना महत्त्व ते काय? (नाशिक येथील निवृत्त शिक्षक)

उत्तर : संसदेने केलेला कायदा ब्रिटनमधील न्यायालय रद्द करू शकत नाही, हे खरे आहे. फार तर १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम ४ खाली तो मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे ते घोषित करते, आणि त्यानंतरही तो कायदा चालूच राहतो. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये आपल्याकडे उभी राहिलेली मूलभूत चौकटीची भिंत, म्हणजे संसदेलाही न ओलांडता येणारी संविधानाची मर्यादा, तेथे नाही. रवांडाच्या प्रकरणात हे स्पष्ट दिसले. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी एकमताने बेकायदा ठरवले. त्यावर संसदेने एप्रिल २०२४ मध्ये रवांडाला सुरक्षित देश मानलेच पाहिजे, असा कायदा केला. ती योजना जुलैमध्ये आलेल्या नव्या सरकारने, म्हणजे राजकारणाने थांबवली.

परंतु लोकांचे रोजचे जगणे संसदेच्या मूळ कायद्यांपेक्षा मंत्र्यांनी काढलेल्या आदेशांवर अधिक चालते आणि ते आदेश न्यायालये खुशाल रद्द करतात. २०१३ मध्ये अशाच एका आदेशाने नोकरीच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरणाची फी बसवली, काही दाव्यांना ती एकूण १,२०० पौंडांपर्यंत जात असे. युनिसन या कामगार संघटनेने तो आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कमी पगाराच्या माणसाला न्यायाचे दारच बंद होते, या कारणावरून २६ जुलै २०१७ रोजी तो आदेश रद्द झाला आणि भरलेली फी परत देणे सरकारला भाग पडले. न्याय मागण्याचा हक्क म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने तो निकाल मुळातून वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : मी पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभिरूप न्यायालयासाठी (मूट कोर्टसाठी) ताजे ब्रिटिश निकाल एआयच्या मदतीने शोधले तर चालेल का?

उत्तर : दिशा मिळवण्यासाठी वापरा, पण स्वतः उघडून न वाचलेला एकही निकाल न्यायालयापुढे ठेवू नका, मग ते न्यायालय अभिरूप का असेना. ६ जून २०२५ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयात डेम व्हिक्टोरिया शार्प यांच्या खंडपीठापुढे अशी दोन प्रकरणे एकत्र आली. त्यांतील एकात वकिलांनी दिलेल्या ४५ संदर्भांपैकी १८ निकाल अस्तित्वातच नव्हते. अशा वर्तनासाठी न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही होऊ शकते, असा इशारा त्या निकालात दिला आहे.

मूळ निकालांसाठी नॅशनल आर्काइव्ह्जची ‘फाइंड केस लॉ’ ही २०२२ पासूनची सेवा आणि त्याहून जुना ‘बेली’ या संकेतस्थळावरचा निकालांचा संग्रह, दोन्ही विनामूल्य आहेत. भारतात या निकालांचे वजन किती, हेही मांडणीत स्पष्ट करावे. भारतातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाकडे, अपिले जात होती आणि मुंबईचे दिनशा मुल्ला यांच्यासारखे कायदेपंडित तिथे न्यायदानाला बसत होते, तो काळ १९४९ मध्ये संपला. आज ब्रिटिश निकाल मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. एम. सी. मेहता खटल्यात तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक कारखान्यांपुरता, झालेल्या हानीच्या जबाबदारीविषयीचा इंग्लंडचा एकोणिसाव्या शतकातील नियम अपुरा ठरवून स्वतःचा अधिक कडक नियम घातला. म्हणून ताज्या ब्रिटिश निकालासोबत, त्या प्रश्नावर भारतीय न्यायालयाने काय म्हटले आहे, ते नेहमी जोडावे.

प्रश्न : नोकरी सांभाळून हे सगळे वाचायला वेळ कुठून आणायचा?

उत्तर : सगळे वाचू नका. आपले घर, नोकरी आणि व्हिसा यांना स्पर्श करणारे दोन-तीन विषय निवडा. संसदेच्या संकेतस्थळावर त्या विधेयकांची ई-मेल सूचना सुरू करता येते. हाउस ऑफ कॉमन्सच्या ग्रंथालयाने खासदारांसाठी तयार केलेली निःपक्षपाती टिपणे कोणालाही वाचता येतात, आणि विषय समजून घेण्यासाठी मी स्वतः प्रथम तीच उघडतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल बहुधा बुधवारी येतात. नोकरी आणि व्यवसायाविषयीचे पुष्कळ बदल ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन तारखांना लागू होतात, त्यामुळे त्यांच्या आधीच्या पंधरवड्यात थोडा वेळ राखून ठेवावा. नोकरीत असणाऱ्यांनी आणखी एक तारीख टिपून ठेवावी : अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी लागणारी दोन वर्षांच्या सेवेची अट १ जानेवारी २०२७ पासून सहा महिन्यांवर येते. त्यामुळे कामावर रुजू झाल्याचे पत्र हाताशी ठेवावे; त्यावरची तारीख तेव्हा उपयोगी पडेल.